मोजपट्टी आणि परांची
बालमनाविषयीच्या मराठी छपाईची नव्वद वर्षे

१९३४ साली मुलांच्या मनाविषयी दोन मजकूर छापले गेले. त्यांचा एकमेकांशी काहीही संबंध नव्हता. पहिला होता लंडनहून निघणाऱ्या ‘ब्रिटिश जर्नल ऑफ एज्युकेशनल सायकॉलॉजी’च्या चौथ्या खंडातला व्ही. व्ही. कामत यांचा लेख. बिने या फ्रेंच मानसशास्त्रज्ञाच्या बुद्धिमापन चाचणीचे कन्नड आणि मराठी बोलणाऱ्या मुलांसाठी केलेले रूपांतर त्यात मांडले होते. दुसरा मजकूर मॉस्कोत छापलेले रशियन पुस्तक होते, ‘विचार आणि वाणी’. त्याचा लेखक लेव्ह वायगॉट्स्की पुस्तक हातात येण्याआधीच, ११ जून १९३४ रोजी, क्षयाने गेला होता. वय अवघे सदतीस. (जाता जाता एक नोंद. ज्या स्ट्रेप्टोमायसिनने हा रोग आटोक्यात आणला, ते पुढे आमच्या पिंपरीत, हिंदुस्तान अँटिबायोटिक्समध्ये तयार होऊ लागले. १९५४ साली स्थापन झालेल्या या कारखान्यापासूनच इथल्या औद्योगिक पट्ट्याचा इतिहास सांगायची पद्धत आहे.)

कामतांच्या चाचणीचा प्रश्न सरळ होता : अमुक वयाच्या मुलाला कोणाच्याही मदतीशिवाय काय येते? उत्तरे गुणांत मोजायची, त्यावरून मानसिक वय काढायचे आणि त्याला खऱ्या वयाने भागायचे. वायगॉट्स्कीचा प्रश्न वेगळा होता. मुलाला आज एकट्याने काय येते हे अर्धेच चित्र आहे. जाणत्या माणसाच्या सोबतीने ते काय करू शकते, हेही पाहायला हवे. कारण माणसाचे मन कवटीच्या आत आपोआप पिकत नाही. भाषा, आकडे, लिपी, अवजारे ही समाजाने पिढ्यान्‌पिढ्या घडवलेली साधने मूल आधी दुसऱ्याबरोबर वापरते आणि मग ती त्याच्या आत उतरतात. या विचारपरंपरेला पुढे ‘सांस्कृतिक-ऐतिहासिक मानसशास्त्र’ असे भारदस्त नाव मिळाले.

या दोन विचारांपैकी मराठीत कोणता, कुठे आणि कोणत्या रूपात छापला गेला, हा या लेखाचा विषय आहे. मी विद्यापीठातला माणूस नाही. चऱ्होलीत बसून जुनी मासिके, शासकीय पुस्तिका आणि रद्दीतून उचललेली पुस्तके चाळणारा वाचक आहे. पण छापील कागदाची एक गंमत अशी की तो कोणासाठी छापला, हे तो लपवू शकत नाही.

आधी कामतांविषयी न्याय्य बोलले पाहिजे. आजकाल बुद्धिमापनाला नावे ठेवणे सोपे झाले आहे. परदेशातल्या मुलांवर बेतलेले प्रश्न आणि तिथली प्रमाणके इथल्या मुलांना जशीच्या तशी लावू नयेत, त्यांच्या भाषेत प्रश्न विचारावेत, त्यांच्याच वयाच्या मुलांशी त्यांची तुलना करावी, हा आग्रह १९३४ साली पुरोगामीच होता. त्यांचे ‘मेझरिंग इंटेलिजन्स ऑफ इंडियन चिल्ड्रन’ ऑक्सफर्ड युनिव्हर्सिटी प्रेसने काढले. १९६७ साली त्याची चौथी आवृत्ती निघाली. ‘बिने-कामत’ चाचणी आजही दवाखान्यांतून वापरली जाते. १९६९ साली नागपूरच्या चाइल्ड गाइडन्स सेंटरमधून ए. जे. मालिन यांनी वेश्लरच्या चाचणीचे भारतीय रूप सिद्ध केले. अध्ययन-अक्षमतेच्या प्रमाणपत्रासाठी केंद्र सरकारने जानेवारी २०१८मध्ये राजपत्रात दिलेल्या मार्गदर्शक सूचनांत या ‘मालिन’चे नाव आहे. म्हणजे मोजपट्टीच्या परंपरेला महाराष्ट्रात पुस्तिका मिळाली, उत्तरांची किल्ली मिळाली, आवृत्त्या मिळाल्या आणि शेवटी सरकारी शिक्काही मिळाला. कोणत्याही विचाराला छपाईच्या जगात यापेक्षा अधिक काय हवे?

वायगॉट्स्कीचे पुस्तक मात्र जन्मतःच कुलुपात गेले. ४ जुलै १९३६ रोजी सोव्हिएत कम्युनिस्ट पक्षाच्या केंद्रीय समितीने ‘पेडॉलॉजी’ या बालअभ्यासाच्या शाखेविरुद्ध ठराव केला. ठरावाचा मुख्य रोख शाळाशाळांतून घेतल्या जाणाऱ्या बुद्धिमापन चाचण्यांवर होता. त्या चाचण्यांच्या मर्यादा ज्याने दाखवल्या होत्या, त्याचेही लेखन त्याच लाटेत वाहून गेले. पुढची वीस वर्षे ते छापलेच गेले नाही म्हटले तरी चालेल. १९५६ साली निवडक लेखनाचा खंड निघाला, १९६२ साली अमेरिकेतल्या एमआयटी प्रेसने ‘थॉट अँड लँग्वेज’ काढले. मूळ ग्रंथाला भरपूर कात्री लावलेला हा अनुवाद होता. १९७८ साली हार्वर्डहून आलेले ‘माइंड इन सोसायटी’ तर चार संपादकांनी वेगवेगळ्या लेखनातून जुळवलेले पुस्तक. आपण जुळवाजुळव करताना मोकळीक घेतली आहे, हे त्यांनी प्रस्तावनेतच सांगून टाकले. जगभर जो वायगॉट्स्की उद्धृत केला जातो, तो बहुतांशी या जुळवलेल्या पुस्तकातला. आपल्याकडे तो त्याच वाटेने आला.

पण त्याचा प्रश्न मराठीत त्याच्या नावाशिवाय आधीच येऊन बसला होता.

१९३३ साली ताराबाई मोडकांनी मराठी ‘शिक्षण पत्रिका’ सुरू केली. भावनगरच्या दक्षिणामूर्तीत गिजुभाई बधेकांबरोबर काम करून त्या आल्या होत्या आणि मॉन्टेसरी पद्धत मराठी घरांत पोचवणे हे त्यांचे ध्येय होते. इथे एक जागा थांबून पाहण्यासारखी आहे. त्याच सुमारास वायगॉट्स्कीही मॉन्टेसरीबाईंच्या शाळांविषयी लिहीत होता. चार-पाच वर्षांची मुले सुंदर अक्षरात लिहितात याचे त्याला कौतुक होते. पण ती लिहितात काय, तर पाहुण्यांना शुभेच्छा. हाताला वळण लागले, मुलाला लिहिण्याची गरज मात्र वाटली नाही, हा त्याचा आक्षेप होता. लेखनाची मुळे हातवाऱ्यांत, खेळात आणि चित्रात असतात. तिथून ते उगवले पाहिजे, असे त्याचे म्हणणे.

ताराबाई आणि अनुताई वाघ यांना हाच पेच पुस्तकातून नव्हे, डोंगरावर पडला. १९४५ साली बोर्डीला आणि १९५७पासून कोसबाडला त्यांनी वारली मुलांसाठी काम मांडले. मुले शाळेत येईनात, कारण ती गुरांमागे होती. तेव्हा शाळाच कुरणात गेली. या ‘कुरणशाळे’त मॉन्टेसरीच्या महागड्या लाकडी साहित्याची जागा बिया, शिंपले, पाने, खडे यांनी घेतली. इथे नुसती काटकसर नव्हती. मोजायचे ते मुलाच्या हाताला रोज लागणाऱ्या वस्तूंनी, बोलायचे ते त्याच्या कामाविषयी. अंगणवाडीची कल्पनाही याच खटाटोपातून आकाराला आली. हे सारे शिक्षकांसाठीच्या मासिकात, पुस्तिकांत आणि अनुताईंच्या ‘कोसबाडच्या टेकडीवरून’मध्ये छापले गेले. मानसशास्त्राच्या वर्गात मात्र ते ‘अनुभवकथन’ ठरले. एकीकडे आकडे असतात म्हणून ते शास्त्र, दुसरीकडे गुरे असतात म्हणून ती समाजसेवा, अशी ही विभागणी होती. मला ती कधीच पटलेली नाही.

स्वातंत्र्यानंतर विद्यापीठांत मानसशास्त्राचे विभाग निघाले. पुण्याचा १९५०चा. त्याच्या नावातच ‘प्रायोगिक’ हा शब्द होता. मराठीत मानसशास्त्राची छपाई वाढली ती पाठ्यपुस्तकांची. संशोधन इंग्रजीत गेले. १९६२ साली आप्पा पेंडशांनी पुण्यात ज्ञान प्रबोधिनी सुरू केली. बुद्धिमान मुले हेरून त्यांना समाजाच्या कामी आणायचे, हा तिचा पाया. गिल्फर्डच्या बुद्धिरचनेच्या प्रतिमानावर तिथे चिकाटीने काम झाले. आमच्या पट्ट्यात निगडीला तिची शाळा आहे, तिथे शिकलेली माणसे मला कामाच्या निमित्ताने भेटतात आणि त्यांच्याविषयी आदरच वाटतो. पण ‘हेरणे’ या क्रियापदात मूल आधीच काहीतरी घेऊन आले आहे असे गृहीत असते. जे हेरले गेले नाही त्या मुलाचे काय, हा प्रश्न त्या क्रियापदाच्या बाहेर राहतो.

तो प्रश्न वायगॉट्स्कीचा सहकारी अलेक्झांडर लुरिया याने १९३१ आणि १९३२ साली उझबेकिस्तानात जाऊन विचारला होता. निरक्षर शेतकऱ्यांपुढे त्याने हातोडा, करवत, कुऱ्हाड आणि लाकडाचा ओंडका यांची चित्रे ठेवली आणि वेगळे काय ते काढायला सांगितले. चाचणीचे उत्तर ‘ओंडका’, कारण बाकीची तिन्ही अवजारे. शेतकऱ्यांनी ओंडका काढायला नकार दिला. तो नसेल तर करवतीने कापायचे काय? थोडेसे शिकलेले आणि सामूहिक शेतीच्या कारभारात पडलेले लोक मात्र ‘अवजारे’ असा गट पटकन करत. लुरियाचा निष्कर्ष असा की वर्गीकरणाची ही तऱ्हा बुद्धीच्या कमी-अधिकपणाची खूण नाही, ती शाळा आणि बदलते काम यांतून येते. शाळेच्या तऱ्हेला त्याने पुढची पायरी मानले, यावर नंतर पुष्कळ टीका झाली आणि ती योग्यच होती. हे संशोधनही चाळीस वर्षे पेटीत पडून राहिले. रशियनमध्ये १९७४ साली आणि इंग्रजीत १९७६ साली ते प्रसिद्ध झाले.

लुरिया वाचल्यावर मी त्याचा प्रयोग चऱ्होलीत केला. प्रयोग म्हणणे जास्तीचे होईल, गंमत म्हणा. चऱ्होली बुद्रुक हे इंद्रायणीकाठचे, आळंदीच्या शेजारचे गाव. १९९७ साली ते पिंपरी-चिंचवड महापालिकेत आले आणि गेल्या पंधरा-वीस वर्षांत शेतांच्या जागी बारा-बारा मजले उभे राहिले. ते उभे करणारी माणसे परभणी, यवतमाळ, छत्तीसगड, बिहार अशी कुठून कुठून आलेली. त्यांची पोरे पत्र्याच्या खोल्यांभोवती खेळत असतात. त्यांतल्या साताठ वर्षांच्या एका मुलापुढे मी चार चित्रे काढली : घमेले, फावडे, ओळंबा आणि वीट. किल्लीप्रमाणे उत्तर ‘वीट’. मुलाने ओळंबा बाजूला सारला. का, तर ओळंबा मिस्त्रीचा असतो, बाकीचे आईचे. फावड्याने माल भरायचा, घमेल्यात घालायचा, विटाही तीच वाहते. बांधकामावरची सगळी श्रमविभागणी त्या उत्तरात होती. गुण शून्य. मग मी विचारले, सामानाच्या खोलीत ठेवायचे असेल तर यांतले बाहेर काय ठेवशील? त्याने क्षणात विटेवर बोट ठेवले.

चाचणीच्या कागदावर पहिल्या उत्तराला रकाना असतो. वायगॉट्स्कीला जे पाहायचे होते, ते दोन्ही उत्तरांच्या मधल्या जागेत होते.

भाषेच्या बाबतीत असेच काम फलटणला झाले होते. मॅक्सिन बर्नसन यांनी १९७३ साली पेन्सिल्व्हेनिया विद्यापीठाला जो प्रबंध दिला, तो फलटणच्या बोलीतल्या सामाजिक भेदांवर होता. घरची बोली आणि शाळेची भाषा यांतले अंतर त्यांनी आधी भाषाशास्त्राने मोजले. मग तिथेच राहून प्रगत शिक्षण संस्था काढली आणि ते अंतर ओलांडायला लावणारी वाचन-लेखनाची पद्धत बसवली. प्रबंध इंग्रजीत राहिला, पद्धत मराठीत शिक्षकांच्या हाती गेली. कोसबाडचीच कथा पुन्हा : विचार एका भाषेत, काम दुसऱ्या.

सत्तरीच्या आणि ऐंशीच्या दशकांत सोव्हिएत पुस्तकांचा पूर होता. मुंबईचे पीपल्स बुक हाउस, लोकवाङ्मय गृह यांच्याकडे गुळगुळीत पुठ्ठ्याची, वडापावच्या भावात मिळणारी पुस्तके असत. माझ्याकडचे लिओन्तिएव्हचे ‘प्रॉब्लेम्स ऑफ द डेव्हलपमेंट ऑफ द माइंड’ (प्रोग्रेस, १९८१) भोसरीच्या एका रद्दीवाल्याकडून आलेले आहे. पहिल्या पानावर कोणाची तरी सही, आणि पंधराव्या पानापुढे पाने कापलेलीच नाहीत. त्या काळी डाव्या वर्तुळात ही पुस्तके राजकारणाच्या कपाटात लागत, शिक्षणाच्या नव्हे. १९९१ साली तो पूर ओसरला.

त्यानंतरचा काळ नियतकालिकांचा. पुण्याहून १९८७पासून ‘पालकनीती’ निघू लागले, पुढे ‘शैक्षणिक संदर्भ’ आले. भारतीय शिक्षण संस्थेचे ‘शिक्षण आणि समाज’ होतेच. मूल कसे शिकते याविषयी मराठीत सर्वांत विचारपूर्वक गद्य मला इथे सापडले. वर्गणीदारांवर चालणारी ही पाने आहेत. त्यांच्या संपादकांनी पदरमोड करून जे छापले, त्याचा उल्लेख प्राध्यापकांच्या संदर्भसूच्यांत क्वचितच दिसतो.

मग २००५ साली राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखडा आला आणि चित्र एकदम बदलले. ‘ज्ञानरचनावाद’ हा शब्द परिपत्रकात गेला. साताऱ्याच्या कुमठे बीटमधल्या जिल्हा परिषद शाळांनी तो प्रत्यक्ष करून दाखवला. फरशीवर आखलेली चित्रे आणि कोष्टके, हाताशी वस्तू, गटात बसलेली मुले. राज्यभरातून शिक्षक पाहायला गेले. २२ जून २०१५च्या ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’ शासन निर्णयानंतर फरश्या सगळीकडे रंगल्या. कुमठ्यात फरशीआधी शिक्षकांच्या चर्चा झाल्या होत्या. इतर अनेक ठिकाणी रंग आधी पोचला.

याच सुमारास वायगॉट्स्कीचे नाव मराठीत पूर्वी कधी नव्हते इतके छापले जाऊ लागले आणि तेही तीन-चार प्रकारच्या स्पेलिंगांत. कारण परीक्षा. केंद्रीय शिक्षक पात्रता परीक्षेच्या अभ्यासक्रमात पिआजे, कोहलबर्ग आणि वायगॉट्स्की ही तीन नावे एका ओळीत आहेत. राज्याची टीईटी २०१३ साली सुरू झाली. १५० गुणांपैकी ३० बालमानसशास्त्र व अध्यापनशास्त्राला. मार्गदर्शकांच्या गठ्ठ्यांनी अप्पा बळवंत चौक भरून गेला. त्यांत वायगॉट्स्कीला साधारण एक पान असते : ‘निकट विकासाचे क्षेत्र’, ‘आधार’ म्हणजे स्कॅफोल्डिंग, आणि चार पर्यायी प्रश्न. निकट विकासाची कल्पना त्याने आयुष्याच्या शेवटच्या दोनेक वर्षांत, मोजक्या ठिकाणी मांडली. स्कॅफोल्डिंग तर त्याचे नव्हेच. तो शब्द वूड, ब्रूनर आणि रॉस यांनी १९७६ साली, लहान मुले लाकडी ठोकळ्यांचा मनोरा रचताना मोठी माणसे कशी मदत करतात हे सांगताना वापरला. मराठीत त्याला ‘आधार’ म्हणण्याचे कारणही कळत नाही. बांधकामावर त्याला परांची म्हणतात. आमच्या गावात दर चौथ्या प्लॉटवर ती उभी आहे, आणि भिंत वाळली की ती काढून घेतात, हे इथल्या शेंबड्या पोराला ठाऊक आहे. रूपकाचा सगळा अर्थ त्या काढून घेण्यात आहे.

राहिला संशोधनाचा भाग. २०१०च्या सुमारास विद्यापीठ अनुदान आयोगाने प्राध्यापकांच्या बढतीसाठी गुणांची पद्धत आणली आणि शोधनिबंध छापण्याचा कारखाना सुरू झाला. पुणे विद्यापीठातल्या भूषण पटवर्धन आणि सहकाऱ्यांनी २०१८ साली ‘करंट सायन्स’मध्ये आयोगाच्या यादीतील १,००९ नियतकालिके तपासून दाखवले की सुमारे ८८ टक्के किमान निकषांनाही उतरत नाहीत. त्याच वर्षी मे महिन्यात आयोगाने ४,३०५ नियतकालिके यादीतून काढली. नंतर दर्जेदार नियतकालिकांची ‘केअर’ यादी आली, तिचा कारभार पुणे विद्यापीठातूनच चाले. २०२५मध्ये तीही बंद झाली.

या काळातल्या मराठी निबंधांत एक साचा वारंवार दिसतो : ‘अमुक इयत्तेच्या विद्यार्थ्यांसाठी ज्ञानरचनावादी अध्यापनाच्या परिणामकारकतेचा अभ्यास’. एक वर्ग नेहमीच्या पद्धतीने शिकवायचा, दुसरा ज्ञानरचनावादाने, आधी चाचणी, नंतर चाचणी, गुणांतला फरक, निष्कर्ष अनुकूल. प्रत्येक मूल एकेकटे बसून पेपर सोडवते. सोबतीने काय जमते हे पाहा असे सांगणारा विचार सोबत काढून घेऊन तपासला जातो. म्हणजे नव्वद वर्षांनी वायगॉट्स्की मराठी संशोधनात आला तो कामतांच्या फूटपट्टीवर झोपून! कामतांना निदान आपण काय मोजतो आहोत हे नेमके ठाऊक होते.

याला दुसरी वाट नाही असे नव्हे. सिल्व्हिया स्क्रिब्नर, ‘माइंड इन सोसायटी’च्या चौघा संपादकांपैकी एक, अमेरिकेतल्या एका दूध-कारखान्यात गेल्या आणि क्रेट भरणारे कामगार हिशेब कसा करतात ते टिपले. जुने कामगार कागदावरची बेरीज-वजाबाकी न करता अर्ध्या भरलेल्या क्रेटकडे पाहून कमीत कमी उचलाउचल होईल असा मार्ग काढत. चाकणच्या कुठल्याही शॉपफ्लोअरवर, मायक्रोमीटर हाताळायला शिकणाऱ्या शिकाऊ पोराशेजारी वही घेऊन महिनाभर बसले, तर मराठीत असा निबंध होऊ शकतो. त्याला नियंत्रित गट लागत नाही. लागते ती पाळीच्या वेळा सांभाळण्याची तयारी.

१ सप्टेंबर २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की निवृत्तीला पाच वर्षांहून अधिक काळ असलेल्या सेवेतील शिक्षकांनाही दोन वर्षांत टीईटी उत्तीर्ण व्हावे लागेल. पंचवीस वर्षे वर्ग सांभाळलेले, पन्नाशीकडे झुकलेले शिक्षक या दिवाळीत मार्गदर्शक विकत घेत आहेत. आमच्या ओळखीच्या एक बाई त्यांतल्याच. बिगाऱ्यांची मुले आईचे काम सांगता सांगता वाचायला लागतात, हे त्यांनी आपल्या वर्गात कितीदा पाहिले आहे. परवा त्यांनी विचारले, स्कॅफोल्डिंग कोणाचे? मी वूड, ब्रूनर आणि रॉस यांची गोष्ट सांगितली. त्यांनी शांतपणे ऐकून घेतली आणि वहीत लिहिले : वायगॉट्स्की. किल्लीत तेच आहे म्हणाल्या.